शंभराच्या खाली

भरती बारा वाजून अठरा मिनिटांनी.
त्याआधी तासभर आम्ही बांधावर,
मेंढ्यांच्या लेंड्या चुकवत, वाऱ्याकडे पाठ करून:
वीबे, मी,
आणि यंदा पहिल्यांदाच त्याची नात हिस्के,
आजोबांच्या जाकिटात बुडालेली.

फ्रीसलंडच्या या टोकाला ऑक्टोबरात
जमीन कुठे संपते ते पाणीच ठरवतं.
वीबे दुर्बिणीतून बोलतो, मी लिहिते.
तुतवार एकेक मोजायचे नसतात.
शंभर म्हणजे केवढे ते डोळ्यांत बसवायचं,
मग तो तुकडा उचलून थव्यावर ठेवत जायचं,
पुन्हा, पुन्हा,
कापडवाल्याचा गज सरकतो तसं.
'आणि शेवटी उरतात ते?' हिस्केनं विचारलं.
'शंभराच्या खाली आपण जात नाही.'

एकोणचाळीस. चाळीस. एकेचाळीस.
इथे आकडा तुटला.

आधी आवाज गेला.
खाजणावरची ती अखंड कुरकुर
कुणी मान पिरगळावी तशी बंद.
मग थवा उठला, पांढरा,
वळला, काळा,
वळला आणि क्षणभर नव्हताच.
'वर बघ,' वीबे ओरडला,
पण वर काही नव्हतं.
बहिरी ससाण्याची मादी खालून आली,
गवताला पोट घासत,
दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवावी इतकी सपाट.

थवा फाटला. फटीत एक राहिला.
डावीकडे, उजवीकडे, पाण्याला लागून,
आणि ती त्याच्या मागे, घाई नसल्यासारखी.
एकदा चुकली.
दुसऱ्यांदा चुकली.
खोटं कशाला सांगू,
तेव्हा माझ्या घशातून जे 'अरेरे' निघालं
ते तिच्यासाठी होतं.
हिस्केनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे.

तिसऱ्यांदा काही ऐकू आलं नाही.
वारा आमच्याकडून तिकडे होता.
फक्त तिचं उडणं जरा जड झालं,
पिशवीत भाजी भरल्यावर चाल बदलते तेवढंच.

कुंपणाच्या चौथ्या खांबावर बसून
ती सोलू लागली.
पिसं म्हातारीसारखी तरंगत गेली,
काही मेंढ्यांच्या पाठीवर अडकली,
मेंढ्या चरत होत्या.
वीबेनं थर्मास उघडला.
मला वाटलं आता काहीतरी बोलेल.
तो म्हणाला, 'साखर विसरलीस.'

मग खांबाखाली काहीतरी पडलं. काडीएवढं.
चमकलं.
'पाय,' वीबे म्हणाला, 'कडं आहे पायात.'
आणि वाकला दुर्बिणीवर, श्वास धरून,
मोतीबिंदूचा डोळा मिटून, बरा डोळा लावून.
कुठल्या तरी दूरच्या किनाऱ्यावर
कुणीतरी हा पक्षी तळहातावर धरला होता,
वजन केलं होतं, पंख मोजला होता,
एक नंबर दिला होता, फक्त त्याचा.
'सात,' वीबे वाचू लागला. 'शून्य. चार.'
पुढचे आकडे चिखलाकडे वळलेले.
'मी जाऊन आणू?' हिस्केनं एक पाय उचललाही.
'कंबरेपर्यंत जाशील.'
पाणी आलं, गढूळ, साबणाच्या फेसासारखं,
पायाला जरा फिरवलं,
आम्ही तिघेही पुढे झुकलो,
आणि मग ते नेलं.

थवा परत उतरला. पुन्हा पहिल्यापासून.
या वेळी त्रेचाळीस तुकडे भरले.
एक गेल्यावर दोनशे वाढले,
मोजणी अशीच असते.
मी लिहिलं: तुतवार, चार हजार तीनशे.
वारा वायव्येचा. दृष्टिमान चांगलं.
ससाणा, एक.
तिला मात्र आम्ही एक म्हणूनच मोजतो.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही.
हीटर लागला, काचा धुरकटल्या.
मागच्या सीटवर हिस्के
धुक्याच्या काचेवर बोटानं लिहीत होती,
सात, शून्य, चार,
आणि पुढे जागा सोडत होती,
किती सोडायची ते न कळून
जरा जास्तच.